सर्पदंशाचे गणित: वीस मिनिटे का, दहा बाटल्या का, सहा तास का?

साप आत्ताच चावला असेल तर हा लेख वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा पट्टीला बांधून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, तोडे, काळा दोरा काढून टाका. करकचून दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. रुग्णाला चालवू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. बाकीचे नंतर वाचा.

आवणीचे दिवस आले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. कुणाला खाचराच्या बांधावर घोणस चावते. कुणाचा हात लाकडे काढताना फुरशावर पडतो. कुणी जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला असतो आणि मध्यरात्री मण्यार चावून जाते. रुग्णाबरोबर पाच-दहा माणसे येतात आणि त्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. "डॉक्टर, रक्त काढून नळीत ठेवलं आणि नुसतं बघत काय बसलाय?" "एवढ्याशा पोरीला दहा बाटल्या?" "दहा दिल्या, मग परत का? पहिल्या खराब होत्या का?" "काका तर चांगले बोलतायत, मग इथे अडकवून का ठेवताय?"

हे प्रश्न रास्त आहेत. त्या धावपळीत मात्र नीट उत्तर द्यायला वेळ मिळत नाही आणि घरच्या माणसांना वाटते की डॉक्टर काही लपवतात. तसे काही नसते. आम्ही मनात एक हिशेब करत असतो. विष किती आले असेल, औषध किती पुरेल, शरीर किती वेळात काय भरून काढेल, याचा तो हिशेब. त्यातले गणित शाळेत शिकलेलेच असते, फक्त ते सजीव शरीरावर करायचे असते. म्हणून आकडे बरोबर असले तरी मधूनमधून शरीरालाच विचारून घ्यावे लागते.

एका बाटलीत किती ताकद असते

सर्पदंशावरच्या औषधाला गावात "लस" म्हणतात, कागदावर "एएसव्ही" लिहिलेले असते. खरे तर ती लस नाही. लस शरीराला शिकवते. इथे शिकण्याचे काम घोड्याने आधीच केलेले असते. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रथिने तयार करतात, ती शुद्ध करून बाटलीत भरतात. आपल्याकडचे औषध चार सापांच्या विषावर चालते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

बाटलीच्या खोक्यावर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. औषधाचा एक मिलिलिटर घोणस किंवा नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो, मण्यार किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम. एक बाटली दहा मिलिलिटरची असते. म्हणजे एक बाटली घोणशीचे ६ मिलिग्रॅम विष पकडते.

आता घोणस एका चाव्यात किती विष सोडते? मोजणीत ते सरासरी ६३ मिलिग्रॅम आले. ६३ ला ६ ने भागा. साडेदहा येतात. दहा बाटल्यांचा आकडा इथून आला आहे. तो कुणी अंदाजाने ठरवलेला नाही.

आता मुलीचा प्रश्न घेऊ. समजा, डोळखांबच्या बाजूच्या एका पाड्यावर सात वर्षांच्या, १८ किलो वजनाच्या मुलीला घोणस चावली. तापाचे औषध आपण मुलांना वजन बघून कमी देतो. मग हे का नाही? कारण तापाच्या औषधाचा हिशेब शरीराशी आहे, या औषधाचा हिशेब विषाशी आहे. साप समोर मूल आहे म्हणून कमी विष सोडत नाही. ६३ मिलिग्रॅम विष ६० किलोच्या माणसात गेले तर दर किलोला साधारण १ मिलिग्रॅम पडते. तेच विष १८ किलोच्या मुलीत गेले तर दर किलोला साडेतीन मिलिग्रॅम. तिच्या अंगात रक्तच जेमतेम सव्वा-दीड लिटर असते. म्हणजे तिला धोका तिपटीहून जास्त, आणि पकडायचे विष मात्र तेवढेच. म्हणून मुलीला मोठ्या माणसाइतक्याच बाटल्या द्याव्या लागतात. बाटल्या ज्या सलाईनमध्ये मिसळतो ते सलाईन तेवढे कमी घेतो, कारण जास्त पाणी लहान शरीराला झेपत नाही.

"पोर लहान आहे, पाचच द्या," असे प्रेमापोटी सांगणारे आजोबा आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही हाच भागाकार सांगतो.

सरासरीवर कुणाचाही साप चालत नाही

६३ ही सरासरी आहे. त्याच मोजणीत एखाद्या घोणशीने ५ मिलिग्रॅम सोडले होते तर एखाद्या घोणशीने १४७. पाचला एक बाटली पुरेल. १४७ ला सहाने भागले तर जवळजवळ पंचवीस लागतील. तुमच्या माणसाला चावलेली घोणस यातली कोणती होती, हे चाव्याच्या खुणेवरून कळत नाही. सापाच्या लांबीवरूनही खात्रीने कळत नाही. कधी विषारी साप चावतो आणि विष सोडतच नाही. त्याला आम्ही कोरडा दंश म्हणतो. भगताकडे नेऊन "उतरलेल्या" विषांपैकी बरीचशी प्रकरणे अशा कोरड्या दंशाची किंवा दिवड, धामण, कवड्या यांसारख्या बिनविषारी सापांची असतात. भगताला यश मिळते ते या वाट्यातून. पण रात्रीच्या अंधारात तुमचा माणूस कोणत्या वाट्यात आहे हे त्यालाही माहीत नसते आणि तुम्हालाही नसते.

आणखी एक गोष्ट. खोक्यावरचा आकडा प्रयोगशाळेतला आहे. औषध बनवायला लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुला समाजाच्या सर्प पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात थोडे वेगळे असते, हे आता अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे इथल्या घोणशीला तीच बाटली थोडी कमी किंवा जास्त लागू पडू शकते.

तेव्हा किती बाटल्या लागतील, हे पहिल्या तासात कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकत नाही. सरासरीपासून सुरुवात करायची आणि मग शरीराला विचारायचे, एवढाच मार्ग आहे. घोणस आणि फुरशासाठी हे विचारण्याचे साधन म्हणजे ती काचेची नळी.

नळी आणि विहीर

नळीची तपासणी दिसायला अगदी साधी आहे. शिरेतून दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत ठेवतात. वीस मिनिटे तिला कुणी हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करून बघायची. निरोगी माणसाचे रक्त तोवर गोठून घट्ट झालेले असते. रक्त पाण्यासारखे वाहिले तर समजायचे की विषाने रक्त गोठवणारे घटक संपवले आहेत.

काचच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकमध्ये तसे होत नाही. साबणाने धुतलेली नळीही चुकीचे उत्तर देते. आणि वीस मिनिटांत कुणी "बघू तरी" म्हणून नळी हलवली, तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टेबलावरच्या नळीला हात लावू नका, ही विनंती.

आता सहा तासांचा प्रश्न. शहापूरच्या माणसाला पाण्याचे उदाहरण लगेच पटते. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे तालुक्यात, आणि उन्हाळ्यात पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसतो. अशी एक विहीर डोळ्यांसमोर आणा. विहिरीतले पाणी म्हणजे रक्त गोठवणारे घटक. झरे म्हणजे तुमचे यकृत, ते हे घटक सतत तयार करत असते. घोणशीचे विष म्हणजे विहिरीवर बसवलेला मोठा पंप. झऱ्यातून येते त्याच्या कितीतरी पट वेगाने तो पाणी उपसतो. थोड्या वेळात विहीर कोरडी पडते आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येऊ लागते. क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो.

दहा बाटल्या दिल्या की काय होते? पंप बंद होतो. एवढेच. औषध विहिरीत पाणी ओतत नाही. पाणी झऱ्यांनीच भरायचे असते आणि त्याला वेळ लागतो. रक्त पुन्हा गोठण्याइतके घटक तयार करायला यकृताला साधारण सहा तास लागतात. म्हणून बाटल्या दिल्यावर दोन तासांनी नळी बघितली तर ती "गोठत नाही" असेच सांगेल, आणि त्यावरून औषध चालले की नाही काहीच कळणार नाही. घाबरून आम्ही आणखी दहा दिल्या तर त्या वायाही जातील आणि रुग्णाला त्रासही होईल. सहा तासांनी तीच नळी खरे बोलते. गोठले तर पंप बंद आहे. नाही गोठले तर विष अजून शिल्लक आहे, आणखी बाटल्या हव्यात. पुन्हा सहा तास, पुन्हा नळी. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या प्रकारच्या विषासाठी वरची मर्यादा तीस बाटल्यांची आहे, आणि बहुतेक रुग्णांना तिथवर जावे लागत नाही.

तेव्हा पुन्हा बाटल्या लावल्या म्हणजे पहिल्या खराब होत्या असे नाही. तुमच्या माणसाला चावलेली घोणस सरासरीच्या वरची होती, एवढाच त्याचा अर्थ.

याच विहिरीवरून आणखी एक गोष्ट कळते. "रक्त पातळ झालंय तर बाहेरून रक्त द्या, प्लाझ्मा द्या," असा आग्रह नातेवाईक करतात. पंप चालू असताना विहिरीत टँकर ओतून काय होईल? पंप तेही उपसेल. आधी पंप बंद करायचा. रक्तस्राव फार असेल तर त्यानंतर टँकरचा विचार.

रक्त एकदा गोठले तरी आम्ही लगेच घरी सोडत नाही. चावलेल्या जागी मांसात विषाचा साठा राहिलेला असतो आणि तो हळूहळू रक्तात उतरतो. रक्तातले औषध कमी होत जाते, साठ्यातून विष येत राहते, आणि काही तासांनी पंप पुन्हा सुरू होऊ शकतो. उलटही होते. रुग्ण चावल्यावर अर्ध्या तासात पोहोचला तर विहीर अजून भरलेली असते आणि नळी चांगली दिसते. विष मात्र नुकते कामाला लागलेले असते. म्हणून पहिली नळी चांगली आली तरी पुन्हा पुन्हा रक्त घेतो आणि किमान चोवीस तास थांबवून ठेवतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग जाऊ का?" याचे उत्तर त्या दिवशी "नाही" असेच असते.

मण्यार: काही होत नाही, काही होत नाही, आणि मग सगळे एकदम

मण्यारीचे गणित वेगळे आहे आणि आमच्या मते जास्त फसवे. ती बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होतात. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले.

नागाचे आणि मण्यारीचे विष नसेकडून स्नायूकडे जाणारा निरोप अडवते. नागाचे विष स्नायूवरची निरोप घेणारी दारे बंद करते. शरीराने ही दारे गरजेपेक्षा खूप जास्त ठेवलेली आहेत. साधारण तीन चतुर्थांश दारे बंद होईपर्यंत स्नायू नेहमीसारखा काम करतो. हिशेबासाठी धरू की १०० दारे आहेत आणि दर तासाला १० बंद होतात. पहिला तास, काही नाही. तिसरा, पाचवा, सातवा तास, काही नाही. माणूस बोलतो, चहा पितो. आठव्या तासाला पापण्या उतरतात. नवव्याला गिळता येत नाही. दहाव्याला श्वास थांबतो. विष सारख्याच वेगाने चाललेले होते, बाहेरून मात्र सात तास ठणठणीत आणि दोन-तीन तासांत सगळे संपले, असे दिसते. दहा हा आकडा समजण्यापुरता घेतला आहे, खऱ्या रुग्णात वेग कमी-जास्त असतो. मण्यारीचे विष अडवते ती जागा वेगळी, पण तिथेही शरीराची शिल्लक संपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही.

"काका चांगले बोलतायत" हा पुरावा म्हणून पुरत नाही, तो यामुळे. काका सातव्या तासात असू शकतात.

खाटेजवळ बसलेल्या नातेवाइकांना इथे खरोखर उपयोगी पडता येते. रुग्णाला एक दीर्घ श्वास घ्यायला सांगा आणि त्याच श्वासात मोठ्याने एक, दोन, तीन मोजायला लावा. आकडा लिहून ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा. तिशीपर्यंत जाणारा माणूस विशीवर आला, मग पंधरावर, तर छातीचे स्नायू थकत चालले आहेत. पापण्या किती उघडतात तेही बघा. फरक दिसला की ताबडतोब नर्सला बोलवा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

मण्यारीच्या विषासाठी आधी दहा बाटल्या देतात, सुधारणा नसेल तर एक-दोन तासांनी आणखी दहा, आणि तिथे थांबतात. "वीस दिल्या, अजून डोळे उघडत नाही, आणखी द्या," असे म्हणू नका. मण्यारीचे विष नसेच्या टोकालाच इजा करते. औषध रक्तात फिरणारे विष पकडते, पण टोकाला झालेली इजा ते दुरुस्त करू शकत नाही. ती टोके पुन्हा तयार व्हायला काही दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढे दिवस श्वासाचे काम यंत्राने करायचे. या काळात रुग्ण हलत नाही, डोळे मिटलेले असतात, आणि घरच्यांना वाटते सगळे संपले. पुष्कळदा तो आतून जागा असतो, सगळे ऐकत असतो. त्याच्याशी बोला. श्वासाच्या यंत्रासाठी ठाणे, कल्याण किंवा मुंबईला हलवायचे ठरले तर आधी तालुक्यातच बाटल्या सुरू कराव्यात आणि वाटेत श्वासाची पिशवी दाबणारा माणूस बरोबर असावा. हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मण्यार टाळण्याचा उपाय स्वस्त आहे. खाटेवर झोपा. जमिनीवरच झोपायचे असेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी घट्ट खोचा.

वाटेतला वेळ

नागाच्या विषातले मज्जातंतूंवर काम करणारे कण फार लहान असतात आणि लवकर पसरतात. घोणशीच्या विषातले बरेच कण मोठे असतात, ते लसिकेच्या वाटेने सावकाश जातात, आणि ती वाट स्नायू हलले की वेगाने वाहते. चालणारा पाय स्वतःच विष वर ढकलत असतो. म्हणून रुग्णाला चालवायचे नाही. रस्ता नसलेल्या पाड्यावरून डोली करून आणणाऱ्या माणसांनी नकळत योग्य तेच केलेले असते. डांबरी रस्त्याला लागल्यावर रुग्णवाहिका यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर, रुग्ण मध्ये आणि धरणारा मागे, असे आणले तरी चालते.

आमचे एकच म्हणणे आहे. समजा रात्री दोनला साप चावला. पाड्यावरून रस्त्यापर्यंत डोलीने एक तास, पुढे रुग्णालयापर्यंत पाऊण तास. पावणेचारला औषध सुरू होऊ शकते. भगताकडे उजाडेपर्यंत बसलात तर नऊ वाजतात. वर सांगितलेल्या दारांचा हिशेब पावणेचारला आणि नऊला किती वेगळा येतो, तुम्हीच करून बघा. भगत घरातला, ओळखीचा माणूस असतो. त्याला दुखवायचे नसेल तर त्याला गाडीत बरोबर घ्या. आम्ही हरकत घेत नाही.

साप मारून आणण्यात वेळ घालवू नका. औषध चारही सापांवर एकच आहे, आणि मेलेल्या सापाचे तोंडही चावू शकते. मोबाइलवर लांबून फोटो मिळाला तर चांगलेच.

प्रत्येकाला बाटली का लावत नाही

ही तक्रार बऱ्याचदा येते: "साप चावलाय आणि डॉक्टर नुसते बघतायत." औषध घोड्याच्या प्रथिनांचे आहे. काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येते. अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. आम्ही ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवूनच बाटली सुरू करतो. विषाची लक्षणे असतील तर हा धोका पत्करायलाच हवा, कारण विषाचा धोका कितीतरी मोठा असतो. दिवड चावलेल्याच्या बाबतीत दुसऱ्या पारड्यात काहीच नसते, उरतो फक्त औषधाचा धोका. माहुली किंवा माळशेजच्या रानात हिरवा चापडा चावतो. सूज आणि वेदना बऱ्यापैकी होतात, पण आपले औषध त्याच्या विषासाठी बनवलेलेच नाही. तिथे सूज उतरवणे, वेदना कमी करणे आणि लक्ष ठेवणे हाच उपचार. लक्ष ठेवणे हाही उपचार असतो, हे कृपया समजून घ्या.

लघवी मोजायला सांगतो तेव्हा

घोणशीच्या विषाने मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि ते रक्त गोठायला लागल्यावरही होऊ शकते. लघवी मापाच्या भांड्यात धरायला सांगितले की काहींना ते किळसवाणे वाटते, काही जण विसरतात. तुमच्याकडून आम्हाला मिळणारी ही सर्वांत मोलाची माहिती आहे. दर किलो वजनाला तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास. लहान मुलांना दर किलोला तासाला १ मिलिलिटर. त्या १८ किलोच्या मुलीला सहा तासांत निदान शंभरेक मिलिलिटर. त्याहून कमी, किंवा रंग चहासारखा काळपट, तर लगेच सांगा. वेळेत कळले तर काही दिवसांच्या डायलिसिसने बहुतेकांची मूत्रपिंडे पुन्हा चालू होतात.

हिशेबात न आलेली माणसे

आणखी एक गणित आहे, ते रुग्णालयाच्या बाहेरचे. भारतात सर्पदंशाने किती माणसे मरतात? रुग्णालयांच्या नोंदी बघितल्या तर आकडा खूप लहान दिसतो, कारण बरीच माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून देशभरातून नमुना म्हणून निवडलेल्या घरांत जाऊन, घरातले माणूस कशाने गेले, हे विचारण्याचा मोठा अभ्यास झाला. २००१ ते २०१४ या काळातल्या सहा लाखांहून जास्त मृत्यूंच्या अशा मुलाखतींत २,८३३ सर्पदंशाचे निघाले. त्यावरून देशाचा अंदाज काढला तेव्हा २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असे उत्तर आले. त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबरमधले. पावाहून जास्त मुले पंधरा वर्षांच्या आतली.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असे त्यात ठरले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करायला सांगितले. पुढच्या पावसाळ्यात तालुक्यात किती बाटल्या ठेवायच्या, हे मागच्या नोंदींवरून ठरते. पाड्यावर गेलेला आणि तिथेच जाळला किंवा पुरलेला माणूस त्या हिशेबात येत नाही आणि त्याच्या वाटच्या बाटल्याही येत नाहीत. म्हणून घरी मृत्यू झाला असला तरी आशाताईला आणि ग्रामपंचायतीला कारण सांगा. शवविच्छेदनाला घरचे तयार नसतात, ते समजण्यासारखे आहे. पण शेतकरी अपघात योजनेची मदत मागायची असेल तर ते कागद लागतात.

घरी गेल्यावर

सोडताना मिळालेला कागद जपून ठेवा. किती बाटल्या दिल्या आणि काही ॲलर्जी आली का, हे त्यावर लिहिलेले असते. लिहिले नसेल तर लिहून मागा. उपचारानंतर आठ-पंधरा दिवसांच्या आत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आले तर ती घोड्याच्या प्रथिनांची उशिरा येणारी प्रतिक्रिया असू शकते. परत विष चढले असे समजून घाबरू नका, रुग्णालयात दाखवा, गोळ्यांनी बरे होते. लघवी कमी झाली, चेहऱ्यावर सूज आली, हिरड्यांतून रक्त दिसले तर मात्र त्याच दिवशी या. चावलेल्या जागी काळी पडलेली कातडी किंवा पू दिसला तर घरी झाडपाल्याचा लेप लावू नका.

एकदा बाटल्या घेतल्या म्हणजे पुढच्या वेळी साप बाधत नाही, असा समज काही गावांत आहे. तो खरा नाही. बाहेरून दिलेले औषध शरीर काढून टाकत राहते. काही दिवसांत ते निम्मे होते, आणखी काही दिवसांत त्याच्याही निम्मे, आणि काही आठवड्यांत काही उरत नाही. पुढच्या आवणीत पुन्हा साप चावला तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून, पहिल्या नळीपासून.